पिलांवरची मरळ

पाचूबंदरच्या कोळ्याची मुलगी गोड्या पाण्यातल्या माशांचे गळ विकते, हे माझ्या बाबांनी शेवटपर्यंत चारचौघांत कबूल केलं नाही. कोणी विचारलं की सांगायचे, "जनीच्या नवऱ्याचं सायकलचं दुकान हाय चंदनसारला." ते खोटं नव्हतं. दुकान सायकलचंच होतं, फक्त त्याच्या डाव्या भिंतीवर सायकलचं काही नव्हतं. तिथे माझे गळ होते, तंगुसाच्या म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची रिळं होती, शिशाच्या गोळ्या, बुचाच्या तरंगण्या आणि कोपऱ्यात उभ्या केलेल्या काठ्या. नव्वदच्या सुमारास मांडलेली ती भिंत मी वीसेक वर्षं सांभाळली.

बाबांची मतं पक्की होती. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे चिखल, त्याला ना चव ना इभ्रत. "चिखलात तोंड घालनाऱ्या माशाची कसली गो चाकरी करतेस?" असं मला तोंडावर म्हणायचे. मी म्हणायचे, "पावसाळ्यात तुमच्या बोटी वर ओढलेल्या असतात, तुम्ही जाळी दुरुस्त करत बसता. तेव्हा माझा धंदा चालतो." यावर बाबा विडी पेटवायचे. आमच्याकडे वाद असाच संपतो.

धंदा मी ठरवून काढलेला नाही. विरार पूर्वेला, आमच्या दुकानाच्या आसपास, तेव्हा भराभर इमारती उठत होत्या, कोकणातली, देशावरची, मुंबईतली नोकरदार मंडळी राहायला येत होती. रविवारी त्यांतले काही आमच्याकडे हवा भरायला थांबायचे आणि सायकलला काठी बांधलेली असायची. फुलपाड्याच्या मागे डोंगराच्या पायथ्याला जुना गावतलाव होता, कमळांनी भरलेला, तिकडे निघालेले असायचे. त्यांच्या गळांच्या गाठी बघून मला शरम वाटायची. बुटाची नाडी बांधावी तशी गाठ. मी जन्माची जाळी विणणारी. एकदा न राहवून एकाच्या हातातून गळ घेतला आणि नीट बांधून दिला. पुढच्या रविवारी तो तिघांना घेऊन आला.

गाठीचं एक साधं तत्त्व आहे. तंगुसाचा दोरा कोरडा आवळला तर घासून आतल्या आत जळतो. डोळ्याला दिसत नाही, पण मोठा मासा लागला की नेमका तिथे तुटतो. म्हणून आवळण्याआधी गाठ ओली करायची, आणि पाणी शोधत कोण बसणार, म्हणून थुंकी लावायची. गिऱ्हाइकांची तोंडं त्या वेळी बघण्यासारखी व्हायची. मी सांगायचे, धुवून बांधून हवी असेल तर घरी बांधा. माझी गाठ सुटली असं सांगायला मात्र वीस वर्षांत कोणी आलं नाही.

गळाच्या नंबराचंही उलटं असतं. नंबर जितका मोठा तितका गळ लहान. एक गृहस्थ आले, म्हणाले, मोठा मासा धरायचाय, वीस नंबरचा द्या. मी तांदळाच्या दाण्याएवढा गळ त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांना वाटलं मी थट्टा करते. दुसरे एक डब्यात चारा घेऊन यायचे, भाजलेलं पीठ, बडीशेप, तूप आणि एक गुप्त वस्तू. ती म्हणे त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. मला ठाऊक होती, कारण ती ते आमच्या शेजारच्या वाण्याकडूनच घ्यायचे. हिंग. मी कधी कुणाला बोलले नाही. धंद्याला तोंड बंद ठेवणं लागतं.

पण ही सगळी मंडळी बोलायची ती एकाच माशाबद्दल, मरळीबद्दल.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. मरळ हाताएवढी, कधी त्याहून लांब होते. डोकं सापासारखं चपटं, अंग काळपट हिरवं, पोटाला पांढरे पट्टे. तिला नुसती पाण्यातली हवा श्वासाला पुरत नाही. थोड्या थोड्या वेळाने वर येते, हवेचा घोट घेते आणि खाली जाते. तलाव आटला तर चिखलात दबून राहते, पावसात ओल्या गवतावरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाते. मी समुद्रातले किती मासे हाताळले असतील, पण पाण्याबाहेर ठेवल्यावर उलट रागाने बघणारा मासा मी हा एकच पाहिला. बाबांना काय वाटायचं ते वाटो, मरळीला इभ्रत आहे.

तिला धरायची तऱ्हा अशी. काठापासून चार पावलं मागे उभं राहायचं, आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. ती हवेचा घोट कुठे घेते ते बघायचं. त्याच्या पलीकडे गळाला लावलेला बेडूक टाकायचा आणि कमळाच्या पानांवरून टुणूक टुणूक ओढत आणायचा, मध्ये थांबायचं, परत ओढायचा. मरळीने झडप घातली की पाण्यावर थप्पड मारल्यासारखा आवाज होतो. इथेच नव्वद टक्के लोक हरतात. आवाज झाला की दचकून काठी उचलतात आणि बेडूक तिच्या तोंडातून निघून येतो. तीन मोजायचे. तिने बेडूक घट्ट धरून तोंड वळवलं की मग काठी उचलायची, आणि उचलली की तिला कमळांच्या देठांत शिरू द्यायचं नाही.

हे सगळं मला शिकवलं धाकूबाबाने. फुलपाड्याचा म्हातारा, भातशेती करायचा आणि फावल्या वेळी तलावावर असायचा. लांब बांबू, जाड दोरा, बस्स. रीळ वगैरे बघून त्याला हसू यायचं. गळ मात्र माझ्याकडूनच न्यायचा. आमची ओळख माझ्या एका मोठ्या चुकीतून झाली.

दुकान मांडलं त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. आपण विकतो तो गळ चालतो कसा ते बघावं म्हणून भाद्रपदात मी तलावावर गेले होते. पावसाने उघडीप दिली होती. काठाजवळ कमळांच्या मध्ये पाणी लालसर दिसलं, परातीएवढा गोल, आणि वर बारीक बुडबुडे. आता मी पाचूबंदरची. आमच्याकडे पाण्याला तांबूस झाक आली म्हणजे जवळा आला, आणि जवळा आला म्हणजे आधी जाळं टाकायचं, मग बघायचं. मी लुगडं वर खोचलं, गुडघाभर पाण्यात उतरले आणि खांद्यावरच्या ओढणीने तो लाल गोल काठावर ओढून काढला. बघते तर जवळा नव्हे, काडीएवढी केशरी माशांची पिलं, शेकड्याने. तरी मी ती टाकली नाहीत. जाळ्यात आलेलं परत टाकायची आमच्या घरी रीत नव्हती. मी उरलेल्यांसाठी परत वाकले, तोच माझ्या पोटरीवर पाण्यातून असा फटका बसला की मी साप साप म्हणत काठावर येऊन पडले.

पलीकडच्या काठावर एक म्हातारा बांबू घेऊन बसला होता. तो सावकाश फिरून आला. ओढणीत बघितलं आणि डोकं हलवलं.

"साप नाय बाय तो. आई हाय. तू तिची पोरा काढलीस, मंग ती काय तुजी आरती करंल?"

धाकूबाबाने सांगितलं ते असं. मरळ अंडी घालून निघून जात नाही. पिलांनाही वर येऊन हवा घ्यावी लागते, म्हणून ती पुंजक्याने पृष्ठभागाशी राहतात, आणि त्यांच्या खाली आई आणि बाप राखणीला असतात. बेडूक येवो, बगळा येवो, माणूस येवो, अंगावर जातात. लाल रंग जाऊन पिलं काळी झाली, पांगली, की मगच आईबापांची सुटका. "तवर ती खात बी नाय नीट," धाकूबाबा म्हणाला. "म्हनून पिलांवरची मरल धरायची नाय. तिच्या पोरांवरनं बेडूक ओढलास तर ती येतेच. दहादा वढ, दहादा येते. त्यात तुजी हुशारी काय?"

मी ओढणी पाण्यात सोडली. थोडी पिलं पोहत गेली, बरीच पांढरी पोटं वर करून तरंगत राहिली. धाकूबाबा रागावला नाही. "नकलत झालं," म्हणाला, "चल, गल दाव तुजे." पोटरीवरचा तो काळानिळा डाग आठवडाभर होता, आणि मी तो कुणाला दाखवला नाही.

त्या दिवसापासून लाल पाण्याची गोष्ट मी एकाही गिऱ्हाइकाला सांगितली नाही. सांगितली असती तर चार रविवारांत तलाव रिकामा झाला असता. पिलांच्या दिवसांत कोणी मरळीचा गळ मागितला की मी सांगायचे, संपलेत, माल यायचाय. श्रावणात तसंही अर्धं गिऱ्हाईक कमी असतं, त्यामुळे ते खपून जायचं.

आता ओगले साहेब.

ओगले साहेब मुंबईत एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. उंच, बारीक, पांढरा सदरा, खिशाला दोन पेन्सिली. पहिल्यांदा आले तेव्हाच म्हणाले, "वहिनी, मी मासे खात नाही. आमच्या घरात अंडंही येत नाही. धरला तर सोडून देईन. चालेल ना?" मी म्हटलं, "माशाला विचारा. मला चालेल." मग हा उपद्व्याप कशासाठी, असं मी पुढे कधीतरी विचारलं. म्हणाले, "दिवसभर कागदावर रेघा मारतो. एक तरी रेघ हलणारी असावी."

बाकीच्यांना रोहू, चिलापी काय लागेल ते चालायचं. ओगले साहेबांना मरळच हवी होती, आणि तीही तलावाच्या मोरीजवळ, जादा पाणी बाहेर जातं त्या तोंडाशी, राहणारी एक मोठी. अडचण अशी की मरळीला जिवंत बेडूक लागतो आणि साहेबांना बेडूक गळाला टोचवेना. पहिल्या दिवशी त्यांनी बेडूक हातात घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि खिशातला रुमाल काढून त्याला पुसून गवतात सोडला.

तेव्हा मी त्यांच्यासाठी बेडूक बनवला. आमच्या उजव्या भिंतीकडे सायकलच्या फाटक्या ट्यूबांचा ढीग असायचा. त्यातला तुकडा कापून दुमडला, आत बूच भरलं, मागे दोन लांब पाय कातरले, आणि गळ असा बसवला की टोक पाठीवर चिकटून राहील, कमळात अडकणार नाही, मरळीने दाबलं तरच बाहेर येईल. आमचे मालक म्हणाले, "पंक्चरचं सोल्युशन बेडकाला लावणारी तू पहिलीच." पण तो बेडूक पाण्यावर असा चालला की त्या मोसमात वीस-पंचवीस जणांनी नेला. चौघांना त्याच्यावर मरळ लागली. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे.

ज्यांच्यासाठी बनवला त्यांना मात्र लागली नाही. तीन वर्षं. मोठी मरळ झडप घालायची, थप्पड वाजायची आणि साहेब दचकून काठी उचलायचे. मी काठावर उभी राहून ओरडायचे, "तीन मोजा." ते म्हणायचे, "मोजतो हो, पण एकच्या आधीच हात वर जातो." सोमवारी कचेरीत जाणारा हा माणूस रविवारी संध्याकाळी दुकानात येऊन झालेली चूक मला कागदावर काढून दाखवायचा. इथे मी, इथे ती, इथे पान. गाठही स्वतः बांधायला शिकले. पहिल्यांदा थुंकी लावताना आजूबाजूला बघून घेतलं. मग त्यांना इतकी सवय झाली की दुसऱ्याची कोरडी गाठ दिसली की टोकायचे.

चौथ्या वर्षी ते निवृत्त झाले. मुलगा नाशिकला होता. फ्लॅट विकला आणि गणपतीनंतर कायमचं जायचं ठरलं. निघायला दोन-तीन आठवडे असताना एका सकाळी दुकानात आले. बोलणं झालं इकडचं तिकडचं. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "वहिनी, एकदा तरी हातात घेऊन बघायची होती. राहिलं."

मला फार वाईट वाटलं. हे मी सरळ सांगते, कारण पुढे जे केलं ते त्यापायीच. आणि थोडं माझ्या बेडकापायीही. माझा बेडूक, माझी गाठ, आणि हा माणूस रिकाम्या हाताने जाणार, हे मला सोसवेना. मालकांना दुकान बघायला सांगितलं आणि साहेबांबरोबर तलावावर गेले. भाद्रपद लागला होता. मोरीजवळ पाणी परातीएवढं लाल होतं.

मी बोट दाखवलं. "त्या लाल ठिकाणावरून बेडूक ओढा, साहेब."

त्यांनी विचारलं नाही, का म्हणून. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. बेडूक पलीकडे टाकला, ओढत आणला. लाल पाण्यावर येताच थप्पड वाजली. साहेबांनी दचकून काठी उचलली, सुटली. मी म्हटलं, "परत." परत टाकला, परत आली, परत सुटली. तिसऱ्यांदा टाकल्यावर ती बेडकावर आली नाही, बेडकाखालून उसळून वर आली आणि गळ स्वतःच्या जबड्यात बसवून घेतला. काठी अर्धी वाकली. साहेब काठावर मागे मागे जात होते, दोरा कमळांचे देठ कापत होता, आणि मी आनंदाने नाचायची तेवढी राहिले होते. दहा मिनिटांनी मरळ काठाच्या चिखलात आली. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या मापाची दीडपट होती.

साहेबांनी दोन्ही हातांनी ती उचलली. तोंडभर हसले आणि मग हसता हसता थांबले. ते पाण्याकडे बघत होते.

लाल गोल फुटला होता. खालून चिलाप्या वर येत होत्या, पाण्याला बारीक बारीक झटके बसत होते, आणि खंड्या पाण्यातल्या एका वाळक्या काठीवर येऊन बसला होता. त्याने सूर मारला आणि काहीतरी केशरी घेऊन गेला.

"ते काय आहे, वहिनी?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, लपवून काय करणार होते.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग तीन वर्षं का नाही सांगितलंत?"

"म्हणूनच नाही सांगितलं."

"आणि आज?"

साहेबांनी आवाज चढवला नाही, ते चढवणारे नव्हतेच. गळ अलगद काढला, चपला न काढता पाण्यात उतरले आणि कमरेइतक्या पाण्यात मरळीला दोन्ही हातांवर सरळ धरून उभे राहिले. ती दमली होती, सारखी कुशीवर कलंडत होती. ते तिला हळूच वर करायचे, ती हवा घ्यायची, परत खाली. असं किती वेळ चाललं. शेवटी शेपटीचा एक फटका मारून ती त्यांच्या हातांतून गेली. गेली ती सरळ मोरीकडे. लाल पाणी आता पुरीएवढं उरलं होतं. त्याच्याखाली पाणी हललं आणि स्थिर झालं.

साहेब निथळत बाहेर आले. म्हणाले, "वहिनी, ही मी धरलेली नाही. ही आली."

सायकल हातात धरून ते चालत गेले.

चार दिवसांनी धाकूबाबा दुकानावरून गेला. दरवेळी थांबायचा, तसा थांबला नाही. मीच हाक मारली. तो रस्त्यावरूनच म्हणाला, "तुजा साहेब रोज मोरीवर बसतोय. छत्री घेऊन. खंड्या आला की छत्री उघडतोय, मिटतोय. काल मला सगला सांगितला त्याने." मी म्हटलं, "बाबा, चुकलं माझं." तो म्हणाला, "पयल्यांदा चुकलीस ती चूक व्हती." आणि गेला. त्यानंतर वर्षभर त्याने माझ्याकडून गळ नेला नाही. कुठून नेत होता, कसा बांधत होता, देव जाणे. गिऱ्हाइकं खूप होती, पण एक म्हातारा येत नव्हता तर मला दुकान उघडावंसं वाटत नव्हतं.

ओगले साहेब जायच्या आदल्या दिवशी आले. उन्हाने तोंड काळवंडलं होतं. म्हणाले, "काळी झाली आज, पांगली. मोजता नाही आली, पण मूठभर असतील." हातात पेढ्यांचा पुडा दिला आणि ट्यूबचा एक बेडूक विकत घेतला. त्या बेडकाकडे बोट दाखवून मी म्हटलं, "अजून नेता?" ते म्हणाले, "बेडकाचा काय दोष?"

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर नाशिकहून पोस्टकार्ड आलं. अक्षर नकाशावरच्या अक्षरासारखं, सरळ आणि लहान. मी ते दोनदा वाचलं, मालकांना दुकान बघायला सांगितलं आणि चालत फुलपाड्याला गेले. धाकूबाबा ओटीवर बसून इळ्याला धार लावत होता. मी आलेली कळूनही त्याने मान वर केली नाही. मी समोर उभी राहिले आणि कार्ड वाचून दाखवलं.

"सौ. वहिनींस सा. न. इथे एका बंधाऱ्यावर काल मरळ लागली. टाकण्यापूर्वी अर्धा तास पाणी पाहिलं, लाल कुठेही नव्हतं. आवाज झाल्यावर तीन मोजले. खरोखरच तीन. दोन शेर तरी असेल. हातात घेतली, पाहिली, सोडली. बेडूक तुमचाच. गाठ मी बांधली होती, थुंकी लावून."

इळ्याचा आवाज थांबला होता. धाकूबाबाने कार्ड हातात घेतलं. त्याला वाचता येत नव्हतं, तरी दोन्ही बाजू नीट बघितल्या.

"तीन मोजले म्हनतो?"

"हो."

त्याने कार्ड मला परत दिलं, परत इळा दगडावर ठेवला आणि म्हणाला, "उद्या येतो दुकानावर. दोन गल काढून ठेव. आनि बांधून ठेव बाय, माज्याच्यान गाठ नाय टिकत."